चेन स्लायडर वारंवार कापला जातोय? नवा टाकण्याआधी जुना नीट बघा

मोटरसायकलच्या मागच्या चिमट्यावरचा (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मवरचा) चेन स्लायडर, म्हणजे चेन धातूला घासू नये म्हणून लावलेली पट्टी, गेल्या दिवाळीत नवा टाकला आणि यंदाच्या दिवाळीपर्यंत चेनने त्यात पुन्हा दोन चर पाडले. पावसाळा सरला, गाड्या धुऊन निघाल्या की नाशिकच्या रायडर मंडळींच्या गप्पांत ही तक्रार ठरलेली. त्यावरचा सल्लाही ठरलेला: "कंपनीचा टाक, लोकल टाकू नको." मग कंपनीचा टाकला जातो आणि तोही तेवढ्याच दिवसांत कापला जातो. पट्टीच्या दर्जातच खोट असणं तसं क्वचित घडतं. बहुतेक गाड्यांत चेन त्या पट्टीवर गरजेपेक्षा जास्त दाबून घासत असते, नाहीतर सैल होऊन आपटत असते. ती तशी का वागते हे शोधलं नाही तर कितीही महागाची पट्टी आणा, चेन तिची भुकटी करणारच.

म्हणून काढलेली जुनी पट्टी लगेच भंगारात टाकू नका. रॉकेलच्या फडक्याने पुसा, उन्हात धरा आणि झीज नेमकी कुठे झाली आहे ते बघा. अर्धं निदान तिथेच होतं.

चेन पट्टीवर टेकते कशी

पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, इंजिनावर असतं आणि चिमट्याचा पिव्हट, म्हणजे चिमटा ज्या बोल्टवर वर-खाली हलतो ती जागा, त्याच्या थोडी मागे. चाक वर-खाली होतं ते पिव्हटभोवती, चेनचा कोन मात्र बदलतो पुढच्या स्प्रॉकेटभोवती. दोन्हींची केंद्रं वेगळी असल्यामुळे चाक हललं की चेनचा ताण बदलतो आणि चेन व चिमटा यांच्यातलं अंतरही बदलतं. चाक खाली लोंबतं तेव्हा चेनची वरची बाजू पिव्हटजवळ चिमट्यावर टेकते. चाक खड्ड्यात वर दाबलं जातं तेव्हा खालची बाजू चिमट्याच्या पोटाला येऊन भिडते. चेनने धातू कापू नये म्हणून मध्ये ही पट्टी.

सस्पेन्शनचा प्रवास, म्हणजे चाक वर-खाली हलण्याचं अंतर, जितका जास्त, तितका हा खेळ मोठा. हिमालयन ४११ ला मागे १८० मिमी प्रवास आहे, एक्सपल्स २०० ला १७० मिमी. अशा उंच गाड्यांत स्लायडरला रोजचंच काम असतं आणि त्याची थोडी झीज होणं हे त्याचं काम नीट चालल्याचं लक्षण आहे. स्प्लेंडरसारख्या गाडीचं पूर्ण बंद चेन कव्हर दिसायला कुणाला आवडत नाही, पण धूळ-चिखल चेनपासून लांब ठेवायला त्याच्याइतका सोपा उपाय अजून कुणी काढलेला नाही. उघड्या चेनची हौस आहे तर पट्टीकडे लक्ष देणं आलंच.

झीज कुठे आहे, त्यावरून काय समजतं

पट्टीच्या वरच्या अंगाला, अगदी पुढे पिव्हटजवळ दोन सरळ, समांतर, गुळगुळीत चर असतील तर ते चेनच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांनी पाडलेले असतात. जागा बरोबर आहे. प्रश्न फक्त किती लवकर ते पडले याचा. लवकर पडले असतील तर संशय तीन गोष्टींवर जातो: चेन फार टाइट, पुढचं स्प्रॉकेट लहान, किंवा मागचं सस्पेन्शन गरजेपेक्षा उंच बसवलेलं.

चरांऐवजी खड्डे, टवके, फाटलेल्या कडा दिसत असतील आणि त्याही पट्टीच्या मागच्या भागात, तर चेन सैल होऊन आपटते आहे. कसारा घाटातून उतरताना थ्रॉटल सोडला की इंजिन चाकाला मागे ओढतं, चेनची खालची बाजू ताणली जाते आणि वरची ढिली पडते. ती ढिली बाजू प्रत्येक गतिरोधकावर आणि खड्ड्यावर पट्टीवर चाबकासारखी बसते. गाडी चालवताना डाव्या पायापाशी खट-खट आवाज येत असेल तर तो हाच.

एकच चर खोल आणि दुसरा जेमतेम, किंवा पट्टीची आतली वा बाहेरची कड कापलेली: चेन सरळ रेषेत धावत नाही. पट्टीच्या पोटाकडची झीज: पुढचं लहान स्प्रॉकेट, नाहीतर खालची बाजू ढिली पडून वर उसळते आहे. आणि चराच्या कडेला वितळून बाहेर आल्यासारखा ओठ तयार झाला असेल तर तिथे घर्षणाने उष्णता झाली आहे, म्हणजे चेन बराच काळ दाबून चालली आहे.

शेवटचा प्रकार म्हणजे खडबडीत, करड्या रंगाची झीज. बोट फिरवलं की बारीक कच लागते. तिथे चेनचा दोष कमी, तिच्यावर साचलेल्या मातीचा जास्त. त्याबद्दल पुढे.

ताण कुठल्या स्थितीत मोजला?

स्लायडर कापला जाण्याचं सर्वांत मोठं कारण माझ्या मते हेच, आणि सर्वांत कमी बघितलं जाणारंही हेच. गॅरेजमध्ये गाडी मेन स्टँडवर चढते, चाक हवेत लोंबतं, मुलगा चेनला एकदा बोट लावतो, "लूज आहे" म्हणतो आणि आवाज बंद होईपर्यंत ॲडजस्टर फिरवतो. बाहेर पडताना गाडी शांत वाटते. मात्र त्यावर दोन माणसं आणि सामानाची बॅग चढली की मागचा भाग खाली बसतो आणि तीच चेन ताठ होते.

पुढच्या स्प्रॉकेटचं केंद्र, पिव्हट आणि मागचा एक्सल हे तिन्ही एका रेषेत आले की दोन्ही स्प्रॉकेटमधलं अंतर सर्वांत जास्त असतं. चेन सर्वांत टाइट होते ती या क्षणी. तिथे तिला जराही ढील उरली नसेल तर ती मागे एक्सलला पुढे ओढते आणि पुढे गिअरबॉक्सच्या शाफ्टला मागे. पट्टी कापली जाणं हे यातलं सर्वांत स्वस्त नुकसान. शाफ्टचं बेअरिंग आणि ऑइल सील गेलं तर खर्चाचा आकडा वेगळाच असतो.

तपासायचं कसं? गाडी इंजिनाखाली पक्का आधार देऊन उभी करा, शॉकअपचा खालचा बोल्ट काढा (शॉकअप आणि चिमटा जोडणारं लिंकेज असेल तर ते सोडवा) आणि चाक हाताने हळूहळू वर उचला. तिन्ही केंद्रं एका रेषेत येतील तिथे कुणाला तरी चाक धरून ठेवायला सांगा आणि चेनच्या खालच्या बाजूच्या मधोमध बोट लावून वर-खाली करा. थोडी तरी हलली पाहिजे. हलत नसेल तर तिथेच ॲडजस्टर मागे घ्या. मग शॉकअप जोडून गाडी जमिनीवर आणा आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या स्थितीत, म्हणजे साइड स्टँडवर किंवा मेन स्टँडवर, स्टीलच्या पट्टीने ढील मोजा. हा आकडा मार्करने चेनगार्डच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. पुढच्या वेळी कुणाच्याही हातात गाडी दिली तरी त्याला तेवढंच सांगायचं.

शॉकअप काढायची तयारी नसेल तर दोन वजनदार मित्र सीटवर बसवून चाक दबलेल्या स्थितीत बघितलं तरी बराच अंदाज येतो. रस्त्याच्या बऱ्याच गाड्यांना २० ते ३० मिमीच्या आसपास ढील सांगितलेली असते, लांब प्रवासाच्या सस्पेन्शनच्या गाड्यांना त्याहून जास्त. मूळ स्थितीतल्या गाडीला मॅन्युअलचा किंवा चिमट्यावरच्या स्टिकरचा आकडाच खरा माना. शॉकअप बदलला असेल, लिंक बदलून गाडी उंच वा बुटकी केली असेल, तर मात्र स्वतः मोजल्याशिवाय इलाज नाही.

अजून एक. चेन सगळीकडे सारखी वाढत नाही. चाक हाताने हळू फिरवत दर काही कड्यांनंतर ढील बघा. जिथे सर्वांत टाइट लागते तिथेच सेटिंग करायचं. सर्वांत टाइट आणि सर्वांत ढिल्या जागेत खूप फरक असेल तर ती चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट बदलण्याची वेळ झाली, स्लायडरची चर्चा नंतर.

पुढचं स्प्रॉकेट एक दात लहान केलंय का?

सप्तशृंगी गडाचा नांदुरी घाट, सापुतारा, त्र्यंबकच्या पुढचे चढ. मागे कुणी बसलं की गाडी दम टाकते म्हणून पुढे १४ ऐवजी १३ दातांचं स्प्रॉकेट टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. स्वस्त आहे, अर्ध्या तासात बसतं आणि चढावर फरकही जाणवतो. फक्त त्याची किंमत स्लायडर भरतो, हे कुणी सांगत नाही.

हिशेब सोपा आहे. ५२० नंबरच्या चेनची पिच (लगतच्या दोन पिनांमधलं अंतर) १५.८७५ मिमी. स्प्रॉकेटचा एक दात कमी झाला की त्याची त्रिज्या सुमारे अडीच मिमीने घटते. ४२८ चेनची पिच १२.७ मिमी, तिथे सुमारे दोन मिमी. म्हणजे पिव्हटच्या लगेच पुढे वरची चेन अडीच मिमी खाली आली आणि खालची अडीच मिमी वर. पट्टीची एकूण जाडीच काही मिलीमीटर असते. आधी फक्त चाक लोंबल्यावर टेकणारी चेन आता सपाट रस्त्यावर, दिवसभर, जोर लावून घासत राहते.

घाटासाठी ताकद हवीच असेल तर तोच परिणाम मागचं स्प्रॉकेट मोठं करून मिळवता येतो. १४ चं १३ केल्याने जो फरक पडतो, तोच साधारण मागे ४२ चं ४५ केल्याने पडतो. मागचं स्प्रॉकेट मोठं झालं की चेनची वरची बाजू मागून उचलली जाते, चिमट्यापासून थोडी लांबच जाते. खर्च जास्त, आणि एक्सलला पुढे सरकायला जागा उरत नसेल तर चेनला दोन कड्या वाढवाव्या लागतात. चेनगार्डला घासत नाही ना तेही बघावं लागतं. तरीही वर्षाआड पट्टी, आणि पट्टी संपल्यावर चिमटा, यापेक्षा हा व्यवहार बरा.

लहान स्प्रॉकेट ठेवायचंच असेल तर ठेवा, पण मग दर दोन-तीन महिन्यांनी पट्टीची जाडी मोजणं हा त्या सौद्याचा भाग आहे.

प्रीलोड पूर्ण फिरवून ठेवलेल्या गाड्या

एकदा दोघं सामानासकट भंडारदऱ्याला जातात, गाडी खाली लागते, म्हणून शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते सेटिंग) शेवटपर्यंत चढवतात. परत आल्यावर तो उतरवायचा राहतो. मग वर्षभर एकटा माणूस त्या कडक गाडीवर सातपूरला कामाला जातो. एकट्याच्या वजनाने मागचा भाग पुरेसा बसतच नाही, चिमटा खाली कललेलाच राहतो आणि वरची चेन पट्टीच्या पुढच्या टोकावर कायम दाबलेली असते.

चाक पूर्ण लोंबलेलं असताना एक्सलपासून सीटखालच्या एखाद्या ठरावीक बोल्टपर्यंतचं उभं अंतर मोजा. मग रोजच्या कपड्यांत, हेल्मेटसह गाडीवर बसा आणि दुसऱ्याला तेच अंतर मोजायला सांगा. फरक मागच्या चाकाच्या एकूण प्रवासाच्या ३० टक्क्यांच्या आसपास आला तर ठीक. १८० मिमी प्रवासाच्या गाडीत हे ५५ मिमीच्या जवळपास येतं. फरक जेमतेम वीस-पंचवीस मिमी येत असेल तर प्रीलोड उतरवा. कमरेलाही बरं वाटेल. एवढं केल्यावर चेनचा ताण पुन्हा बघा. प्रीलोड बदलला की उभ्या गाडीची उंची बदलते आणि तिच्याबरोबर ढिलाचा आकडाही.

हब रबर, सरळ रेष, वाढलेली चेन

मागचं चाक घट्ट धरून स्प्रॉकेट हाताने पुढे-मागे फिरवून बघा. सहज हलत असेल तर हबमधले रबर बसले आहेत. ते इंजिनाचा झटका पिऊन घेतात. ते गेले की प्रत्येक गिअर बदलताना आणि द्वारका चौकासारख्या थांबत-सरकत चालणाऱ्या ट्रॅफिकमध्ये चेनला हिसके बसतात आणि ती पट्टीवर आपटते. जुन्या ट्यूबचे तुकडे कापून हबमध्ये भरणं हा आपल्याकडचा आवडता जुगाड. चालतो, पण थोडे दिवस. नव्या रबरांचा खर्च फार नसतो.

रेष तपासताना चिमट्यावरच्या खुणांवर सगळा भरवसा ठेवू नका. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या दिसल्या तरी चाक तिरकं असू शकतं. पिव्हट बोल्टच्या केंद्रापासून एक्सलच्या केंद्रापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजा, सारखं यायला हवं. मागून एक डोळा मिटून वरच्या चेनकडे बघितलं तरी तिरकेपणा ओळखू येतो. ही दोन्ही मापं बरोबर असूनही पट्टीची एकच बाजू कापली जात असेल, तर चाक उचलून चिमटा आडवा हलवून बघा. पिव्हटमध्ये कट-कट हालचाल जाणवली तर बुश किंवा बेअरिंग संपलं आहे, आणि तसं असताना कुठलंच सेटिंग टिकणार नाही.

चेन वाढली आहे का, हे स्टीलच्या पट्टीने दोन मिनिटांत कळतं. चेन ताणून धरा आणि एका पिनच्या केंद्रापासून सुरुवात करून वीस पिच मोजा. नवी ५२० चेन ३१७.५ मिमी भरते, ४२८ असेल तर २५४ मिमी. दोन टक्क्यांनी वाढली, म्हणजे अनुक्रमे ३२३-३२४ आणि २५९ मिमी झाली, की ती संपली. मॅन्युअलने याहून कमी मर्यादा दिली असेल तर ती पाळा. असल्या चेनखाली नवी पट्टी टाकणं म्हणजे पैसे वाया.

धूळ, चिखल आणि तेल

नाशिकच्या चारही बाजूंची माती वेगळी. इगतपुरी-त्र्यंबककडे पावसात लाल चिखल, निफाड-दिंडोरीकडे काळी चिकणमाती, सिन्नरच्या बाजूला उन्हाळ्यात भुरभुर उडणारी धूळ. द्राक्षांच्या हंगामात बागेतून निघालेले ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावरही चिखल सांडत जातात. चेनवर जाड, चिकट ग्रीस थापलेलं असेल तर ही सगळी माती त्यात बसते आणि ते मिश्रण पट्टीवर पॉलिश पेपरचं काम करतं. चेन तेलकट दिसते म्हणून मालक खूश, आणि खाली पट्टी झिजतच जाते.

तेल बाहेर दिसण्यासाठी नसतं. ओ-रिंग चेनच्या (कड्यांमध्ये बारीक रबरी रिंगा असलेल्या चेनच्या) पिनांमधलं ग्रीस कारखान्यातच भरून बंद केलेलं असतं. आपण लावतो ते रोलरसाठी, ओ-रिंग ओल्या राहण्यासाठी आणि गंज टाळण्यासाठी. त्यामुळे रॉकेल, मऊ ब्रश आणि फडक्याने चेन स्वच्छ करा, वाळू द्या, मग खालच्या बाजूच्या आतल्या अंगाने थेंब-थेंब तेल सोडत चाक हाताने फिरवा. ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा चांगला चेन स्प्रे, दोन्ही चालतात. थोडा वेळ मुरू द्या आणि वरचं सगळं पुसून टाका. फडकं फिरवल्यावर चेन कोरडी वाटली पाहिजे. पेट्रोल आणि तारेचा ब्रश ओ-रिंगची वाट लावतात. वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशरची नळी चेनवर जवळून मारू नको म्हणून आधीच सांगा, कारण पाणी ओ-रिंगच्या आत शिरलं की परत निघत नाही.

आणि हे सगळं इंजिन बंद ठेवून. गाडी गिअरमध्ये टाकून चाक फिरत ठेवायचं आणि फडकं धरायचं, ही पद्धत बोटं घेते. एकदा फडकं चेनमध्ये ओढलं गेलं की हात सोडवायलाही वेळ मिळत नाही.

काळ्या मातीसाठी वेगळी सूचना. ती चिमटा आणि पट्टीच्या फटीत शिरून वाळली की विटेसारखी घट्ट बसते आणि पट्टी खालून उचलली जाते. उचललेला भाग चेनच्या तावडीत आधी सापडतो. शेतातल्या रस्त्याने जाऊन आलात तर ओली असतानाच नळाच्या साध्या पाण्याने धुऊन काढा.

कुठल्या मटेरियलची पट्टी

मूळ पट्ट्या गाडीनुसार कडक रबर, पॉलियुरेथेन, नायलॉन किंवा तत्सम प्लास्टिकच्या असतात. मूळ भाग मिळत असेल आणि वरची कारणं दूर केली असतील तर तोच टाका. आकार बरोबर बसतो, आवाज कमी येतो.

मिळत नसेल, किंवा गाडीत इतके बदल केले असतील की मूळ पट्टी पुरत नाही, तर यूएचएमडब्ल्यू पॉलिइथिलीन नावाच्या चिवट प्लास्टिकची पट्टी कापून घेता येते. कन्व्हेयरच्या चेनखाली हेच वापरतात, त्यामुळे अंबड-सातपूरकडे प्लास्टिकच्या शीट आणि रॉड विकणाऱ्यांकडे चौकशी करा. परदेशात बर्फावर पळणाऱ्या स्नोमोबाइलच्या मागच्या सस्पेन्शनखालचे स्लायडरही याच जातीचे असतात. तिथे बर्फ त्यांना थंड आणि ओलं ठेवतो. बर्फ पातळ असेल आणि गाडी उघड्या रस्त्यावरून नेली तर तेच स्लायडर तापून वितळतात. हे प्लास्टिक घासलं जाण्याला भलतंच चिवट, पण उष्णतेला हळवं. ८० अंशांच्या वर त्याचा कणखरपणा उतरतो आणि १३५ अंश सेल्सियसच्या आसपास ते वितळतं. म्हणून टाइट चेनखाली हेही टिकत नाही.

यूएचएमडब्ल्यूला कुठलाही गोंद धरत नाही. अरल्डाइट, फेविक्विक, सगळं सुकून सुटतं. स्क्रूनेच बसवावं लागतं, आणि स्क्रूचं डोकं पट्टीत इतकं खोल बुडवा की पट्टी बदलण्याइतकी झिजली तरी चेन त्याला लागणार नाही. शिवाय ते उन्हात खूप प्रसरण पावतं. २०० मिमीची पट्टी तापमानात ४० अंशांचा फरक पडला की दीड मिमीच्या आसपास वाढते. एका टोकाचं भोक गोल आणि दुसऱ्याचं लांबट ठेवलं की ती फुगून वर येत नाही. चिमट्याच्या नळीला मात्र स्वतःच्या मनाने भोकं पाडू नका. मूळ पट्टीचे स्क्रू जिथे आहेत तीच जागा वापरा.

टेफ्लॉन घसरतं छान, पण मऊ असल्याने भराभर संपतं. जुन्या टायरचा तुकडा तारेने बांधलेला बऱ्याच गाड्यांवर दिसतो. घरी पोहोचायला ठीक. तार सुटून चेनमध्ये गेली तर काय होईल याचा विचार करून ठरवा.

बसवताना

बहुतेक स्लायडर पिव्हटच्या टोकाभोवती वळसा घेऊन बसतात, त्यामुळे पिव्हट बोल्ट काढून चिमटा मागे घ्यावा लागतो. काम कमी व्हावं म्हणून पट्टी मध्येच कापून सरकवून बसवतात, तसं करू देऊ नका. कापलेली कड चेनमध्ये अडकायला टपलेलीच असते. चिमटा उतरलाच आहे तर बुश, बेअरिंग आणि लिंकेज साफ करून ग्रीस भरून घ्या. मजुरी एकदाच लागते. त्यामुळे पट्टी बदलण्याची उत्तम वेळ म्हणजे चेनसेट बदलण्याची वेळ. पिव्हट बोल्ट टॉर्क रेंचने मॅन्युअलप्रमाणे कसा. एक्सल पक्का कसल्यावर ढील पुन्हा एकदा मोजा, कारण नट आवळताना चाक किंचित सरकतं आणि आकडा बदलतो. चेनलॉक क्लिपचा असेल तर क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेने धावते तिकडे तोंड करून हवी.

जुन्या पट्टीतून कुठे धातू दिसत असेल तर चिमटा नीट तपासा. ॲल्युमिनियमच्या चिमट्यात चेनने खाच पाडली असेल तर तिथे पुढे चीर जाऊ शकते. वेल्डिंग करून भागवण्याआधी जाणत्या माणसाला दाखवा.

नवी पट्टी बसली की तिच्यावर वर, खाली आणि दोन्ही कडांना पांढऱ्या पेंट मार्करने आडव्या रेघा ओढा. मग एकदा रोजच्या वजनाने कसाऱ्यापर्यंत जाऊन या. आल्यावर रेघा कुठे पुसल्या आहेत ते बघा. फक्त पुढे पिव्हटजवळ, दोन्ही चेनपट्ट्यांच्या रेषेत आणि हलक्याच पुसल्या असतील तर सेटिंग जमलं. पोटाकडच्या रेघा गेल्या असतील तर स्प्रॉकेट आणि ढील, मागच्या टोकाच्या गेल्या असतील तर ढील आणि हब रबर, एकाच कडेच्या गेल्या असतील तर चाकाची रेष आणि पिव्हट पुन्हा बघा. तेव्हा पट्टी अजून नवीच असते.